न वाटलेलें पेन्शन

संसार मोडतो तेव्हां वाटणी होते ती डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंची. घर कोणाचें, बँकेंतील शिल्लक कोणाची, मुलांनीं कोणाजवळ राहावयाचें, या प्रश्नांचा निकाल न्यायालयांत लागतो आणि दोघेंहि आपापल्या वाटेनें निघून जातात. परंतु पुष्कळ संसारांत एक ठेवा असा असतो कीं, जो त्या दिवशीं कोणाच्याच हातांत नसतो. तो पेटींत नसतो आणि बँकेच्या पुस्तकांतहि नसतो. नोकरी पुरी झाल्यावर दरमहा हातांत पडणारें पेन्शन हाच तो ठेवा होय. वीस-पंचवीस वर्षें नोकरीवर संसार चालविणाऱ्या कुटुंबाची सारी कमाई मांडून पाहिली, तर राहत्या घराच्या खालोखाल याच ठेव्याचा क्रम लागतो. आणि घर भाड्याचें असेल तर तोच पहिला.

आतां घटस्फोट होऊन दहा वर्षें लोटलीं आहेत, पतीनें दुसरा संसार थाटला आहे, आणि पूर्वीची पत्नी न्यायालयाच्या दाराशीं येऊन म्हणते कीं, या पेन्शनमध्यें आपलाहि हिस्सा आहे व तो त्या वेळीं मागावयाचा राहून गेला. तिला काय उत्तर द्यावयाचें? उशीर झाला म्हणून परत पाठवावयाचें, कीं हक्काला वय नसतें म्हणून आंत घ्यावयाचें? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नानें न्यायाधीशांना, कायदेमंडळाला आणि असंख्य कुटुंबांना अनेक वर्षें गुंतवून ठेवलें. त्या वादाचा इतिहास म्हणजे स्त्रीच्या घरांतील श्रमाची किंमत कायद्यानें कशी ओळखली, याचाहि इतिहास आहे.

या वादाच्या मुळाशीं एक जुना प्रश्न आहे, आणि तो मराठी माणसाला अपरिचित नाहीं. पेन्शन ही देणाऱ्याची कृपा आहे, कीं घेणाऱ्याची मिळकत? १८१८ सालीं दुसऱ्या बाजीरावानें शरणागति पत्करली तेव्हां इंग्रजांनीं त्याला सालीना आठ लक्ष रुपयांची नेमणूक देऊन ब्रह्मावर्तास पाठविलें. १८५१ सालीं तो वारला, आणि कंपनी सरकारनें ती नेमणूक तेथेंच थांबविली. दत्तकपुत्र नानासाहेबाची मागणी अमान्य झाली. नेमणूक त्या एका व्यक्तीपुरती होती, तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क पोहोंचत नाहीं, असें सरकारचें म्हणणें. पुढें १८७१ च्या पेन्शन कायद्यानें अशा सरकारी नेमणुकांविषयींचे दावे दिवाणी न्यायालयांच्या सर्वसाधारण कक्षेबाहेर ठेवले. कृपेवर दावा लावतां येत नाहीं, हा त्यामागील विचार. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं नाकारा यांच्या खटल्यांत ही कल्पना निःसंदिग्ध शब्दांत बाजूला सारली आणि पेन्शन हें बक्षीस नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे असें सांगितलें.

पेन्शन हा मोबदला आहे असें एकदां मान्य केलें कीं, पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. तो मोबदला मिळविला कोणी? कचेरींत किंवा छावणींत जाणाऱ्या एकट्या पुरुषानें, कीं त्याला तेथें जातां यावें म्हणून घर सांभाळणाऱ्या स्त्रीनेंहि? या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें आपल्या जन्माच्या वेळींच अर्धवट देऊन ठेवलें होतें. १८४८ पर्यंत तो प्रदेश मेक्सिकोचा होता आणि तेथें स्पेनहून आलेला कायदा चालत असे. विवाह चालू असतां पति किंवा पत्नी जें कमावील तें दोघांचें समाईक, असा त्या कायद्याचा नियम. इंग्लंडच्या जुन्या कायद्यांत विवाहित स्त्रीची मिळकत बहुतांशीं पतीच्या ताब्यांत जाई. स्पेनच्या कायद्यांत तिचा अर्धा हिस्सा मानलेला होता. १८४९ च्या आपल्या घटनेंत कॅलिफोर्नियानें ही समाईक मिळकतीची पद्धति कायम राखली.

तत्त्व असें असूनहि पेन्शन त्या तत्त्वांत बसण्यास फार वर्षें लागलीं. १९४१ सालीं फ्रेंच यांच्या खटल्यांत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, ज्या पेन्शनचा हक्क अद्याप पक्का झालेला नाहीं तें पेन्शन म्हणजे निव्वळ आशा होय, आणि आशेची वाटणी करतां येत नाहीं. वरवर पाहतां हें बरोबर वाटतें. परंतु त्याचा परिणाम असा होई कीं, नोकरी पुरी होण्याच्या थोडें आधीं घटस्फोट झाला तर पत्नीच्या वांट्याला कांहींच येत नसे, आणि थोड्याच दिवसांनीं पतीला संपूर्ण पेन्शन सुरू होई. १९७० पासून कॅलिफोर्नियांत परस्परांचा दोष सिद्ध न करतां घटस्फोट मिळूं लागला. तेव्हां मोडलेल्या संसारांचा हिशेब नीट होणें अधिकच निकडीचें झालें. १९७४ सालीं फिथियन यांच्या खटल्यांत लष्करी पेन्शन समाईक मिळकतींत मोडतें असा निवाडा झाला. १९७६ सालीं ब्राऊन यांच्या खटल्यांत न्यायमूर्ति टोब्रिनर यांनीं १९४१ चा नियमच रद्द केला. हक्क पक्का झालेला नसला तरी तो हक्क आहे, केवळ आशा नव्हे. आणि जेवढीं वर्षें विवाह व नोकरी बरोबर चाललीं तेवढ्या वर्षांचें पेन्शन दोघांचें, असें नवें सूत्र ठरलें. एखाद्यानें वीस वर्षें नोकरी केली आणि त्यांपैकीं पंधरा वर्षें तो विवाहित होता, तर पेन्शनचे तीन चतुर्थांश समाईक होतात आणि त्यांचें अर्धें, म्हणजे एकंदर पेन्शनचा तीन अष्टमांश भाग, पत्नीचा ठरतो.

परंतु ज्यांचे घटस्फोट या निवाड्यांपूर्वींच झाले होते त्या स्त्रियांचें काय? ब्राऊन निवाड्यानें आपलें नवें सूत्र ज्यांच्या मिळकतीचा निकाल लागलेला नव्हता त्यांच्यापुरतेंच ठेवलें. तथापि, ज्या हुकूमनाम्यांत पेन्शनचा उल्लेखच नव्हता, तेथें निकाल लागला होता असें म्हणावयाचें कीं नाहीं? हा प्रश्न १९८० सालीं हेन यांच्या खटल्यांत निघाला. तेथें विवाह १९७१ सालीं संपुष्टांत आला होता. इतर मिळकतीची वाटणी झाली, परंतु पतीच्या लष्करी पेन्शनविषयीं हुकूमनाम्यांत अक्षर नव्हतें. पत्नीनें कांहीं वर्षांनीं आपला हिस्सा मागितला. पतीची बाजू अशी कीं, त्या वेळीं न मागितलेलें आतां मागतां येणार नाहीं. न्यायालयानें तें मानलें नाहीं. जी समाईक मिळकत न्यायालयापुढें आलीच नाहीं, तिचा निकाल झाला असें म्हणतां येत नाहीं. हुकूमनाम्याचें मौन म्हणजे पतीला दिलेलें दान नव्हे. विवाह संपला तरी त्या मिळकतीचे दोघे सहमालक राहतात.

गांवाकडील जमिनीची वहिवाट ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हा विचार समजण्यास अडचण पडणार नाहीं. भाऊ विभक्त झाले, घर वाटलें, भांडीं वाटलीं, परंतु नदीकांठचा एक तुकडा कागदावर घालावयाचा राहिला. पुढें एकटा भाऊ तो कसूं लागला, एवढ्यावरून तो तुकडा त्याचा एकट्याचा होत नाहीं. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानें पेन्शनला नेमका हाच न्याय लावला.

येथपर्यंतचा प्रवाह स्त्रियांना अनुकूल होता. २६ जून १९८१ रोजीं तो एकाएकीं उलटला. त्या दिवशीं संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें मॅकार्टी यांच्या खटल्याचा निकाल दिला. पति लष्करांत डॉक्टर होता. विवाह १९५७ सालीं, त्याचें वैद्यकीय शिक्षण चालू असतांना झाला होता. लष्करी पेन्शन वीस वर्षांच्या नोकरीनंतर मिळे. त्यांतील सुमारें अठरा वर्षें विवाह टिकला. त्या हिशेबानें कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांनीं पत्नीला पेन्शनचा सुमारें ४५ टक्के हिस्सा दिला होता. सर्वोच्च न्यायालयानें तो काढून घेतला. न्यायमूर्ति ब्लॅकमन यांनीं लिहिलेल्या बहुमताच्या निवाड्यांत म्हटलें होतें कीं, लष्करी पेन्शन हें मध्यवर्ती कायद्यानें सैनिकाला व्यक्तिशः दिलेलें आहे. घटक संस्थानांनीं त्याची वाटणी केली तर सैन्यभरतीच्या व निवृत्तीच्या व्यवस्थेला बाध येईल. तिघां न्यायाधीशांचें मत विरुद्ध पडलें. सैनिकांच्या घटस्फोटित पत्नींची स्थिति अनेकदां कठीण असते हें मात्र बहुमतानेंहि मान्य केलें, आणि त्यावरील उपाय करणें हें अमेरिकन काँग्रेसचें, म्हणजे तेथील कायदेमंडळाचें काम आहे असें सांगितलें.

ही स्थिति कठीण कां होती हें समजण्यास लष्करी संसाराचें स्वरूप ध्यानांत घ्यावें लागतें. दर दोन-तीन वर्षांनीं बदली. आज टेक्सास, उद्यां जर्मनी, परवां जपान. अशा स्त्रीला स्वतःची नोकरी एका जागीं टिकवितां येत नसे, आणि नोकरी टिकली नाहीं म्हणजे स्वतःचें पेन्शनहि जमत नसे. मुलांच्या शाळा बदलणें, सामान बांधणें व सोडणें, पति दूरच्या ठाण्यावर असतां घर एकटीनें चालविणें, हीच तिची नोकरी. पन्नाशींत घटस्फोट झाला तर अशा स्त्रीजवळ वीस वर्षांच्या श्रमाचा कोणताहि दाखला नसे.

काँग्रेसनें यावेळीं विलंब लावला नाहीं. कोलोरॅडोच्या प्रतिनिधि पॅट्रिशिया श्रोडर यांनीं घटस्फोटित पत्नींच्या हक्काचा हा प्रश्न पूर्वींच हातीं घेतला होता. १९८० च्या परराष्ट्रसेवा कायद्यानें वकिलातींतील अधिकाऱ्यांच्या घटस्फोटित पत्नींना, सेवाकाळांत विवाह दहा वर्षें टिकला असल्यास, पेन्शनमध्यें प्रमाणशीर हिस्सा मिळाला होता. सप्टेंबर १९८२ मध्यें सैनिकांच्या पूर्वपत्नींच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि १ फेब्रुवारी १९८३ पासून अंमलांत आला. त्यानें २५ जून १९८१ नंतरच्या काळाचें लष्करी पेन्शन मिळकत म्हणून वाटण्याचा अधिकार घटक संस्थानांच्या न्यायालयांना परत दिला. तारीख मॅकार्टी निवाड्याच्या आदल्या दिवसाची निवडण्यांत हेतु हा कीं, तो निवाडा जणूं झालाच नाहीं असें व्हावें.

या कायद्याविषयीं एक गैरसमज पुष्कळ घरांत रुजला. विवाह दहा वर्षें टिकला नसेल तर पत्नीला कांहींच मिळत नाहीं, आणि टिकला असेल तर अर्धें पेन्शन आपोआप मिळतें, असें लोक समजत. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. दहा वर्षांची अट एवढ्यासाठींच आहे कीं, विवाह व लष्करी सेवा दहा वर्षें बरोबर चालली असल्यास सरकारी खजिना पत्नीचा हिस्सा परस्पर तिच्याकडे पाठवितो. हिस्सा किती, किंबहुना तो द्यावयाचा कीं नाहीं, हें न्यायालय ठरवितें. हा कायदा न्यायालयाला अधिकार देतो. पत्नीला तो आयता हिस्सा देत नाहीं. मागणी करावी लागते, आणि ती हुकूमनाम्यांत उतरवून घ्यावी लागते.

मधल्या दीड वर्षांत ज्यांचे घटस्फोट झाले त्यांची गोष्ट अधिक विचित्र. जून १९८१ पासून जानेवारी १९८३ अखेर न्यायालयें मॅकार्टी निवाड्यानें बांधलेलीं होतीं. अशा स्त्रियांसाठीं कॅलिफोर्नियानें जुने हुकूमनामे पुन्हां उघडण्याची सवलत दिली, परंतु ती १ जानेवारी १९८६ पर्यंतच. ज्या स्त्रीला ही बातमी वेळेवर समजली तिला हिस्सा मिळाला. जिला समजली नाहीं तिचा दरवाजा बंद झाला.

अधिक जुन्या घटस्फोटांचे दावेहि याच सुमारास वाढले. ज्या हुकूमनाम्यांत पेन्शनचा शब्द नव्हता ते कांहीं संस्थानांत पुन्हां तपासले जाऊं लागले. येथें दुसऱ्या बाजूचें म्हणणेंहि ऐकून घेतलें पाहिजे. निवृत्त सैनिक म्हणे, वाटणी त्या दिवशीं पुरी झाली होती. घर तिला दिलें, कर्ज स्वतःकडे घेतलें, आणि त्या हिशेबावर पुढचें आयुष्य बेतलें. आतां दुसरी पत्नी आहे, तीहि म्हातारी झाली आहे. न्यायालयाचा शब्द अखेरचा नसेल तर माणसानें कशावर विसंबून राहावें? हें म्हणणें पोकळ नव्हतें. जुन्या वाटणींत पेन्शनच्या बदल्यांत दुसरें कांहीं दिलें गेलें होतें कीं नाहीं, हें इतक्या वर्षांनीं शोधून काढणें पुष्कळदां अशक्य असे.

काँग्रेसनें अखेर या बाजूला कौल दिला. नोव्हेंबर १९९० मधील दुरुस्तीनें असें ठरलें कीं, २५ जून १९८१ पूर्वीं अंतिम झालेल्या ज्या हुकूमनाम्यांत पेन्शनची वाटणी केलेली नाहीं, किंवा तो प्रश्न पुढें राखून ठेवलेला नाहीं, ते हुकूमनामे आतां पेन्शनसाठीं उघडतां येणार नाहींत. ज्यांना आधींच असा हिस्सा मिळत होता त्यांना आणखी दोन वर्षांची मुदत मिळाली. नंतर तो थांबला. हेन निवाड्यानें हुकूमनाम्याच्या मौनाचा अर्थ अपुरी राहिलेली वाटणी असा लावला होता. या दुरुस्तीनें, जुन्या लष्करी पेन्शनपुरता तरी, त्याच मौनाचा अर्थ नकार असा केला. एकच मौन, त्याचे दोन अर्थ, आणि मध्यें केवळ एक तारीख.

जुन्या घटस्फोटितांना न्याय देण्याचा दुसरा मार्ग नव्हता असें नाहीं. परराष्ट्रसेवेच्या बाबतींत १९८७ च्या अखेरीस झालेल्या कायद्यानें, १९८० च्या कायद्याचा लाभ ज्यांना उशीर झाल्यामुळें मिळाला नव्हता अशा पूर्वपत्नींनाहि नेमणूक देण्याची तरतूद केली, आणि तिचा भार सरकारी तिजोरीवर टाकला. अमेरिकेच्या सामाजिक विमा योजनेंत, जिला तेथें सोशल सिक्युरिटी म्हणतात, घटस्फोटित पत्नीचा हक्क १९६५ पासूनच आहे. आरंभीं विवाह वीस वर्षें टिकल्याची अट होती. १९७७ च्या दुरुस्तीनें ती १९७९ पासून दहा वर्षांवर आली. घटस्फोटाला कितीहि वर्षें झालीं असोत, अटी पुऱ्या होत असल्यास अर्ज करतां येतो, आणि त्यामुळें पूर्वपतीच्या रकमेंतून एक डॉलरहि कमी होत नाहीं. जेथें एकाच्या ताटांतून काढून दुसऱ्याला वाढावयाचें नसतें तेथें उशिरा येणाऱ्यालाहि पान मांडतां येतें. खासगी कंपन्यांच्या पेन्शनमध्यें मात्र वाटणीचाच मार्ग स्वीकारला गेला. १९८४ च्या कायद्यानें, विशिष्ट नमुन्यांतील न्यायालयीन हुकूम दाखविल्यास पेन्शन निधीनें पत्नीचा हिस्सा परस्पर द्यावा, असें ठरलें.

हिस्सा हुकूमनाम्यांत उतरला म्हणजे चिंता संपली असेंहि नाहीं. जखमी सैनिकाला अपंगत्वाचा भत्ता मिळतो. त्यावर कर नसतो, परंतु त्यासाठीं सामान्यतः तितकेंच पेन्शन सोडून द्यावें लागे. सोडलेलें पेन्शन वाटणींत धरतां येत नाहीं, असें १९८९ सालीं मॅन्सेल यांच्या खटल्यांत ठरलें. २०१७ सालच्या हॉवेल यांच्या खटल्यांत घटस्फोट १९९१ सालीं झाला होता आणि पत्नीला अर्धें पेन्शन नियमितपणें मिळत होतें. सुमारें तेरा वर्षांनीं पतीनें अपंगत्वाचा भत्ता घेतला, दरमहा सुमारें २५० डॉलर पेन्शन सोडलें, आणि पत्नीचे सुमारें १२५ डॉलर घटले. ही तूट पतीनें भरून द्यावी असा हुकूम घटक संस्थानाच्या न्यायालयाला देतां येत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला. जखमी सैनिकाचा भत्ता राखावा हें योग्यच. परंतु त्याची अर्धी किंमत एका वृद्ध स्त्रीच्या महिन्याच्या खर्चांतून गेली, हेंहि खरें.

इतर देशांनीं या अनुभवापासून निराळे मार्ग काढले. पश्चिम जर्मनींत १ जुलै १९७७ पासून घटस्फोटाबरोबर न्यायालय स्वतःच दोघांच्या विवाहकाळांतील पेन्शनहक्कांचा हिशेब करूं लागलें. पत्नीनें मागण्याची वाट पाहिली जात नाहीं. इंग्लंडांत पेन्शनची प्रत्यक्ष वाटणी १ डिसेंबर २००० पासून शक्य झाली, परंतु त्या दिवसापूर्वीं दाखल झालेल्या घटस्फोटाच्या अर्जांना ती लागू नाहीं. भारतांत वाट आणखी निराळी आहे. मुंबई प्रांतांत हिंदूंना घटस्फोटाची सोय १९४७ च्या कायद्यानें झाली, आणि देशभर १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें. या कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणें हुकूमनाम्याच्या वेळीं किंवा त्यानंतर केव्हांहि पोटगी मागतां येते. विलंबाचें भय येथें कमी. परंतु मिळते ती पोटगी, वाटा नव्हे. पोटगी गरज पाहून ठरते, परिस्थिति बदलली कीं बदलते, आणि पुनर्विवाह झाल्यास बंदहि होऊं शकते. वाट्याला गरजेचा पुरावा लागत नाहीं. तो स्वतःच्या श्रमाचा असतो. एकींत विनंतीचा सूर असतो, दुसऱ्यांत हिशेबाचा.

या साऱ्या इतिहासांत कायद्यानें तत्त्वाचा प्रश्न सोडविला, परंतु काळाचा प्रश्न त्याला पुरता सोडवितां आला नाहीं. पेन्शन ही कृपा नव्हे, ती कमाई आहे. आणि घर सांभाळणारीनेंहि ती कमावलेली असते, हें अनेक देशांनीं मान्य केलें. तरीहि कोणती स्त्री कोणत्या तारखेला न्यायालयांतून बाहेर पडली, यावर तिचें म्हातारपण ठरत राहिलें. न मागितलेला हक्क मेलेला नसतो, तो निजलेला असतो. परंतु कायदे जसजसे बदलतात तसतशी त्याला जागें करण्याची मुदत संपत जाते. संसार मोडतांना भांड्यांची यादी करणाऱ्या हातांनीं त्याच कागदावर पेन्शनची एक ओळ लिहिली असती, तर यांतील पुष्कळशा वृद्धांना, त्या स्त्रियांना आणि त्या पुरुषांनाहि, आयुष्याच्या संध्याकाळीं न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.